सुशीच्या हातावरचे वळ
गोंदिया, ९ ऑगस्ट १९५८

माझ्या सुशीला एका कानानं ऐकू येत नाही, एवढंच शाळेला ठाऊक. काल नागपूरचे डॉक्टर म्हणाले, तिच्या मनाची घडणही वेगळी आहे, ती कुणाच्या नजरेला नजर देणार नाही. हे म्हणाले, "शाळेत सांगू नको, नाव काढून टाकतील." मीही गप्प राहणार होते.

आज शाळेतून आल्यावर तिचे हात धुताना तळव्यांवर वळ दिसले. तशीच बाईंकडे गेले. "बोललं तर माझ्याकडे पाहत नाही. उर्मट आहे, म्हणून मी छडी मारून राहिली," बाई म्हणाल्या. रोज? मी विचारलं. हो, म्हणाल्या, रोज! आणि पोर घरी येऊन रडलीसुद्धा नाही.

मग सगळं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा उतरला. "आधी काऊन नाही सांगितलं?"

नाव राहील की जाईल, हेडमास्तर ठरवतील. छडी मात्र थांबली, बाईंनी तसा शब्द दिला.