हरणी विकायची नाही

प्रिय आबा,

आज संध्याकाळी तात्या तुमच्या फोटोसमोर उभे राहून माझी कागाळी करणार आहेत. उदबत्ती लावताना त्यांचे ओठ हलतात, मी बघितलंय. तेव्हा त्यांच्याआधी माझं ऐका. तुमच्या या धाकट्या भावानं आपल्या हरणी म्हशीसाठी ठरवलेला व्यापारी मी आज सकाळी दारातून परत पाठवला. भर गल्लीत, आवाज चढवून. पश्चात्ताप? अजिबात नाही!

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारे सगळे एकच बोलतात, "जन्मभर म्हशींच्या मागं राबला बिचारा." पहिले चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी आत्यांच्या सासरच्या एका पाहुण्यांना म्हटलं, बिचारा कोण? पहाटे चारला उठून शीळ घालत शेण काढणारा माणूस बिचारा असतो होय? धारेची पहिली चिळकांडी मांजराच्या तोंडात नेम धरून मारणारा? पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. आईनं डोळे वटारले, पण कप उचलताना ती हसत होती.

तुमच्यावर माझा राग नाही असं मात्र समजू नका. हरणीनं एक वेळची वैरण सोडली तर तुम्ही जनावरांच्या डॉक्टरला भरल्या ताटावरून उठवून आणायचात. आणि स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा? सोडा प्यायलात, "गॅस झालाय" म्हणालात, चारी म्हशींच्या धारा काढल्यात आणि मगच पेंडीच्या पोत्यावर बसलात. बसलात ते बसलातच. असं करतं का कोण, आबा? हा राग मी इतक्यात सोडणार नाही.

आईला टायफॉईड झाला होता ते वर्ष आठवतं? महिनाभर माझ्या वेण्या तुम्ही घातल्यात. म्हशीच्या दाव्यासारख्या घट्ट! संध्याकाळपर्यंत केस सुटायचे नाहीत आणि भुवया वर ताणलेल्या राहायच्या. बाई विचारायच्या, सुलभा, तू सारखी दचकल्यासारखी का दिसतेस? त्या महिन्यात भाकरीही तुम्हीच थापलीत, आईचं पांघरूणही तुम्हीच धुतलंत आणि दूधकट्ट्यावरची एकही संध्याकाळ चुकवली नाहीत. हरणीला गल्लीतून चालवत न्यायचं, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळलेला पेला हातात द्यायचा. लोक तुमच्याकडंच यायचे, कारण तुमच्या दुधात पाणी घालायला जागाच नव्हती.

आणि स्थळांसाठी केलेलं माझं माहितीपत्रक! वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'डेअरी' असं लिहिलं होतं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत.

"डेअरी कंची गं आपली? चार म्हशी हायत."

मी म्हटलं, असंच लिहितात. तुम्ही पेन मागून घेतलंत, 'डेअरी' खोडलंत आणि वर गिचमिड अक्षरात 'म्हशी पाळतो' असं लिहिलंत. दोन स्थळं त्यावरून गेली. तेव्हा मी रडले होते आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. ते दोन दिवस मला आता परत हवेत.

आता मूळ गोष्ट. चूक आमचीच झाली. बाराव्याला तुमचे कपडे देऊन टाकायचे म्हणून सगळे दिले. रीत आहे, कुणी विचार केला नाही. गोठ्यात खुंटीला असायचा तो खाकी सदरासुद्धा वैरणवाल्या शिवाप्पाला गेला. त्यानंतर हरणीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. तोवर खुंटीवरचा सदरा हुंगून ती थोडंफार तरी देत होती. आता रेडकू सोडलं तरी दूध वर ओढून धरायची. बाकीच्या तिघी तात्यांच्या हाताला गुमान देतात, हरणीनं मात्र त्यांना दोनदा लाथाडलं. दुसऱ्या वेळी गुडघ्यावर. तात्या वाईट नाहीत, आबा. दुकान सांभाळून दोन्ही वेळा येतात. पण लंगडत घरी गेले आणि तिथून त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. म्हातारी, दूध न देणारी म्हैस बाजारातून पुढं कुठं जाते, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच परत आल्यावर माझ्याकडं न बघता सांगत होते.

मी तशीच शिवाप्पाला गाठायला निघाले. आई म्हणाली, दिलेलं परत मागायचं नसतं, दोष लागतो. मी म्हटलं, लागू दे.

शिवाप्पा गंगावेशीत वैरणीची गाडी लावून उभा होता आणि सदरा त्याच्या अंगातच होता. मी कारण सांगितलं. त्यानं तिथंच बटणं सोडली आणि भर रस्त्यात बनियनवर उभा राहिला. मग ओशाळून म्हणाला, "आक्का, म्या धुतलाय की ह्यो. कालच साबण लावला. आबांचा वास काय ऱ्हायला न्हाय. आता आवाजावर भागीव."

आवाज! तुम्ही हरणीला काय म्हणायचात ते सगळ्या गल्लीला पाठ आहे. ती पहिल्यांदा व्याली तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून रोज पहाटे तुम्ही तिच्या कुशीला डोकं टेकून ओरडायचात. मी शिकून नोकरीला लागले तरी वाक्य बदललं नाहीत. बदललं तर ती गोंधळंल, म्हणायचात.

मी घरी येऊन सदरा चढवला, बाह्या दुमडल्या आणि बादली घेऊन बसले. आधी हळू आवाजात म्हणून बघितलं. तिनं शेपटीचा फटका दिला. मग मात्र माझं डोकं फिरलं. पंचविशीतली, लग्न न झालेली मी, गोठ्यात बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले:

"सोड की गं भवाने! माझ्या लेकीला शाळंला जायाचं हाय!"

हरणीनं कान फिरवला. वळून माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा ओरडले, आणि तिसऱ्यांदा ओरडताना रडायला लागले. तेव्हा ती सैल झाली. बादलीत धार वाजली आबा! शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, कुणाच्या लेकीची शाळा गं? मी म्हटलं, माझीच.

तुम्ही मला एकदाही धार काढू दिली नाहीत. "तुझं हात लिवायचं हायत" म्हणून गोठ्यातून हुसकायचात. हे बरोबर नव्हतं. तुमच्या मांडीशी बसून शिकले असते तर पंधरा दिवस माझी बोटं अशी सुजली नसती. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळं.

आज सकाळी व्यापारी टेम्पो घेऊन आला. तात्यांनी त्याला पंधरा दिवसांपूर्वीच शब्द दिला होता आणि दिलेला शब्द फिरवायला ते तयार नव्हते. मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. म्हैस विकायची नाही, टेम्पो वळवा, असं सांगितलं. तात्या म्हणाले, पोरीच्या जातीनं व्यवहारात तोंड घालू नये, उद्या लग्न होऊन गेलीस की हिला कोण बघणार? मी म्हटलं, जो मला मागायला येईल त्याला गोठा आहे का ते आधी विचारीन. गल्ली जमली. व्यापारी कंटाळला. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "मालक कोण हितं? एकानं काय ते बोला."

तात्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आई बाहेर आली, पिठानं भरलेल्या हातांनी. तुम्ही गेल्यापासून ती दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती.

"मालक न्हाय," ती म्हणाली. "मालकीण हाय. ही काय, हुबी हाय की समोर."

टेम्पो रिकामा गेला.

तात्या घुश्शात आहेत, पण सायंकाळी धारेला येतील. उद्यापासून मी ऑफिसातून सुटले की हरणीला घेऊन कट्ट्यावर जाणार आहे. आपल्या घरातली बाई तिथं कधी उभी राहिली नाही. आता राहील. आणि दिवाळीच्या पाडव्याला सगळे म्हशी सजवून पळवतात तेव्हा हरणीची शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून मोटारसायकलमागं तिला चालवायचं आहे. पळवणार नाही, तिचं वय झालं. ती जेवढी चालेल तेवढीच गाडी चालेल. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांनी बाजूनं जावं.

हे तिचं शेवटचं वेत असेल, पुन्हा ती व्यायची नाही. यानंतर तिचं दूध आटेल, मग पाय थकून ती बसेल. आटली तरी खाईल आणि बसली तरी खाईल. जाईल तेव्हा आपल्याच गोठ्यातून जाईल, डोकं माझ्या मांडीवर असताना. हा माझा शब्द. तात्या काय सांगायचं ते सांगू देत.

हरणीची मालकीण, आणि तुमची लेक,
सुलभा