बापाची हाळी

माय, परवा एका तरुण पोराने मला विचारलं, "तुम्ही अभिनय कुठं शिकलात?" असल्या प्रश्नांची मला सवय नाही. माझ्यासारख्या नटाला कोण विचारतंय! मी कामं केलेले सिनेमे शहरातल्या एखाद्या टॉकीजला सकाळच्या खेळाला लागायचे आणि लोकांना कळायच्या आत उतरायचे. मी त्यात कधी पाटलाचा गडी, कधी चपराशी, कधी प्रेताला खांदा देणारा. परभणीला तर एकही आला नाही. पण पोरगं आस्थेने विचारत होतं आणि मला तू आठवलीस.

निजाम जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाप तापाने गेला तेव्हा मी रांगत होतो, असं तूच सांगायचीस. पेडगावच्या माळावर आपला कळप होता. मामा वालूरहून आला आणि म्हणाला, "आक्का, इकून टाक. बाईच्या हाळीला मेंढरं येत नसत्यात." मेंढरंही त्याचंच खरं करायला निघाली. तू हाळी द्यायचीस आणि ती भलतीकडेच बघायची. मग एका सकाळी तू बापाची घोंगडी अंगावर घेतलीस, त्याचं मुंडासं बांधलंस आणि पोटातून, जाड्या आवाजात त्याची हाळी दिलीस. कळप वळला. मामा भाकरी न खाताच वालूरला परतला म्हणे.

मला कळायला लागलं तेव्हा हे रोजचंच झालं होतं. माळावर तू बाप असायचीस, चुलीपुढे बसलीस की माय. एकदा पाहुणे आलेले असताना मी ती घोंगडी पांघरून तुझी नक्कल केली. सगळे पोट धरून हसायला लागले. तू तव्यावरची भाकरी सोडून उठलीस, घोंगडी ओढून घेतलीस. "हसवायला न्हाई केलं म्या हे सोंग. मेंढरं जगवायला केलंय. तुला करायचं तर कर, पर मेंढराला खरं वाटाया पायजे." करपलेली भाकरी तूच खाल्लीस. मला त्या दिवशी तुझी लय भीती वाटली होती.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका सिनेमात मला धनगराचं काम मिळालं. मरायला टेकलेला म्हातारा कळपाला शेवटची हाळी देतो, एवढा एकच प्रसंग. कपडेपटवाल्याने कोरी करकरीत घोंगडी दिली. मी ओरडून ओरडून थकलो, पण भाड्याने आणलेली मेंढरं ढिम्म. शेवटी त्यांच्या मालकाची मळकी घोंगडी मागून घेतली आणि आपली हाळी दिली. मेंढरं आली. दिग्दर्शकाने थांबायला सांगितलं तरी येतच राहिली. त्यांच्यात उभा राहून मी हमसून रडलो. लोकांना वाटलं, भूमिका अंगात शिरली. माय, मला फक्त तुला ते दाखवायचं होतं.

त्या पोराला मी सांगितलं, "वडिलांकडून शिकलो. त्यांची हाळी अजून कानात आहे." खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. घरी येऊन चप्पल काढताना ध्यानात आलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुलाच सांगतो. बापाचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. माझ्या कानात जो बाप आहे, तो तूच आहेस.