बरणीखालच्या छत्र्या

ता. २ ऑगस्ट १९३४, अक्कलकुवा
आलो बुवा एकदाचा! माणकचंद शेठजींनी दुकानामागची खोली दिली. जनावरांच्या शेणावर उगवणाऱ्या बुरशीच्या इवल्या छत्र्या ओळखून पुण्याच्या प्रोफेसरांना कळवायच्या, हे माझं काम. एवढं शिकून शेवटी शेणच, असं म्हणत शेठजी हसले. हसोत बापडे. ओल्या टीपकागदावर शेण ठेवायचं, वर काचेची बरणी पालथी घालायची. चार दिवसांत छत्र्या डोकं काढतात. मग चिठ्ठी: जनावर, गाव, छत्रीचं नाव, गोळा करणारा.

ता. ९
म्हशीच्या शेणावर झकास नमुना! पाण्याच्या थेंबासारखा देठ, वर काळी टिकली. उजेडाकडे मान वळवतो आणि टिकली उडवतो. गवत खाणाऱ्यांच्याच शेणावर येतो. शेण आणतो मोलगीकडचा सुकराम. चिठ्ठीवर मात्र मी 'स्वतः' लिहितो. चालायचंच.

ता. १४
प्रोफेसरांना वाघाची विष्ठा हवी. मोलगीच्या वरच्या रानात मीच जायचं होतं, पण धीर झाला नाही. सुकरामला एकट्याला पाठवलं.

ता. १९
सुकराम परतला नाही. त्याची बायको रमिलाबाई विचारायला आली. तो आपणहून गेला, असं सांगितलं. खोटं जिभेवर किती पटकन आलं! लाज वाटते.

ता. २३
गाववाल्यांनी रान पालथं घातलं, काही सापडलं नाही. त्यांच्यातल्या आमशाने माझ्यासाठी वाघाची विष्ठा तेवढी आणली. मी खूश झालो. हो, झालो.

ता. २७
वाघाच्या विष्ठेवर तेच थेंबाचे देठ! कुठल्याच पुस्तकात नाही. चिमट्याला हाडाचा तुकडा लागला, मग चांदीची बाळी. सुकरामच्या कानातली.

ता. २८
रमिलाबाई ओट्यावर बसून असते. अग्नी द्यायला एखादं हाड तरी मिळावं, म्हणते. ते माझ्या टेबलावर आहे. द्यावं, तर मीच पाठवलं हे — शी! चिठ्ठी लिहिली. गोळा करणारा: स्वतः.

ता. २९
खिडकी सताड उघडी. तरी देठांच्या माना उजेडाकडे नाहीत, माझ्या खुर्चीकडे. खुर्ची हलवली — वळल्या.

ता. ३०
बरणी झाकलेलीच. टिकल्या गेल्या कुठे? आरशात — जिभेवर काळे ठिपके. खरवडले. निघत नाहीत —

ता. ३१
रमिलाबाई आत आली. बरणीकडे बोट. "साहेब, त्या काचना खाले काय शे?"
वर बघायला नको म्हणून लिहितोय. 'स्वतः' खोडलं. सुकराम लिहिलं. तिला वाचता येत नाही. तोंडानेच सांगायला —
तोंड उघडलं. ती मागे सरली. जिभेवर काहीतरी उभं राहतंय, तिच्याकडे मान —