शिआच्या झाडाखाली नांगर

९ जून
तामाले शहरातून पाहुणे आले होते. एक गृहस्थ छातीवर हात ठेवून खूप वेळ बोलले — शिआ म्हणजे बायकांचं सोनं, शिआमुळे खेड्यातल्या बाईला मान मिळेल, वगैरे. आम्ही इतकी वर्षं पहाटेच्या अंधारात विंचू तुडवत फळं वेचतो, बिया उकडतो, फोडतो, भाजतो, कोपरापर्यंत हात बुडवून त्या बियांचं लोणी घोळतो. हे सोनं आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं! टाळ्या झाल्या. टी-शर्ट मिळाले. माझा घट्ट होतो.

गावातले पुरुषही बसले होते. बायकांच्या कामाबद्दलचं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

१४ जून
गावातल्या नेन्डोनं ओढ्यापलीकडचं पडीक रान नांगरलं. नांगरलं म्हणजे काय — शिआच्या झाडांभोवती चार सऱ्या ओढल्या, मूठभर भुईमूग फेकला. मागच्या वर्षी याचा मका गवतात शोधावा लागत होता. आता शेतीचं एवढं प्रेम!

पडीक रानातली फळं जी आधी पोचेल तिची. नांगर लागला की ते शेत त्या घराचं, आणि फळं त्या घरच्या बायकांची. रीतच आहे. आमच्या लोणी काढणाऱ्या गटातल्या निम्म्या बायका त्या रानात वेचायच्या. अझारा आजी तर कायमची तिथलीच. तिला ना नवरा, ना मुलगा. तिच्यासाठी कोण नांगरणार?

मी नेन्डोला विचारलं, "सावलीत भुईमूग येतो का रे?"
म्हणाला, "आमच्या जमिनीत येतो, वहिनी."

१६ जून
आणखी दोघांनी नांगरलं. साथच आली आहे.

१७ जून
गटाच्या शेडमध्ये सगळ्या जमल्या. अझारा आजी गटाची प्रमुख, तिनं कोलाची कडू बी चघळत ऐकून घेतलं. "चिडू नका गं. चिडक्या हातानं घोळलं की लोणी वर येत नाही."

मी उभी राहिले. म्हटलं, नव्यानं नांगरलेल्या रानातलं एकही फळ कुणी उचलायचं नाही. स्वतःच्या घरचं असलं तरी नाही. सडू दे. पुरुष काय बिया उकडायला बसणार आहेत? सगळ्या हसल्या. माझ्या मागून सगळ्यांनी शपथ घेतली. शेवटी लामिहीनंही — नेन्डोची बायको. आवाज इतका बारीक की शपथ घेतली की शिंकली, कळलं नाही. ही सगळ्यांत आधी मोडणार. लिहून ठेवते.

२१ जून
लामिहीनं फळ उचललं नाही. नेन्डोनं तिला कणगीतलं धान्य देणं बंद केलंय. आजी तिला रोज मक्याच्या पिठाचं शिजवलेलं टीझेड पाठवते. लामिही आणि आजी पहाटे पार टेकडीपलीकडच्या रानात जातात, आणतात ते अर्धं घमेलं. नेन्डोच्या झाडांखाली मेंढ्यांची चंगळ!
ती नरमेलच. फार तर दोन दिवस.

२५ जून
शेडमध्ये घोळायला काही नाही. बायका भिंतीला टेकून बसल्या. असंच चाललं तर लोणी घेणारा दुसऱ्या गावाला जाईल, आणि मग गट कसला नि काय कसलं.
पण नेन्डो गावप्रमुखाकडे जाऊन आला म्हणे. म्हणाला, बायकांना येऊ दे रानात, कुजक्या सोन्याचं काय करू? मिटतंय. आणखी थोडी कळ काढायची.

२८ जून
आमच्या ह्यांनी विहिरीमागचं रान नांगरलं!
घरी आले ते नवरदेवाच्या थाटात. "तुझ्यासाठी केलं. सहा झाडं. तिथे फक्त तू."
म्हटलं, "अहो, शपथ मीच घ्यायला लावलीय सगळ्यांना."
"मी नसतं नांगरलं तर शेजारच्या याकुबूनं नांगरलं असतं. मग त्याच्या बायका वेचत्या आणि तू शपथ घेऊन बसतीस."
अक्कल गहाण टाकलीय. रात्री मी ताट आदळून वाढलं.
त्या झाडांची बी मात्र भरीव असते.

३० जून
विहिरीवर गेले होते. मागे फळांचा सडा पडलाय. नुसतं बघून आले.

१ जुलै
पहाटे गेले. घमेलं काठोकाठ भरलं. मान वर केली तर बांधावर लामिही, रिकामं घमेलं घेऊन, टेकडीकडे निघालेली.
"घाबरू नका, ताई," म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."
ओझं जड होतं. डोक्यावर चढवायला तिनंच हात लावला.