दुसरी लाथ

निंबर्गा, ता. आळंद
रविवार, १५ नोव्हेंबर २००९

अण्णा,

लांबूनच पाया पडतो. जवळ असलास की तू पाय मागं घेतोस, त्यापेक्षा पत्रातलंच बरं.

इकडं समदे बरे हाईत. तुरीला शेंगा धरायल्यात. अप्पांचा खोकला गेला. आईचे गुडघे दुखायलेत, पण ते अण्णाला कळवू नको म्हणलीय, म्हणून कळवायलोय. मागल्या रविवारी आळंदला मेंढ्यांच्या टकरी होत्या, आपला मेंढा जबऱ्या जिंकला. समोरचा टगर विसाव्या टकरीला तोंड फिरवून पळाला. त्याचं कपाळ फुटलतं. जबऱ्याच्या शिंगावरचं रगत अप्पांनी आपल्या पटक्यानं पुसलं. आन् हे बेणं घरी आल्यावर रूपाच्या हातची भाकर खात उभारलं, शेजाऱ्याकडं पाणी प्यायला जाऊन आल्यावानी.

आता मुद्द्याचं. तू विचारलास, तुमच्या प्रेसचे मालक जुना मॅक कम्प्युटर काढायलेत, तो येळ अमावस्येच्या सणाला घेऊन येऊ का नवीन पीसी जोडून आणू? रोजच्या कामाला काय बरं, गेमला काय बरं, सांग म्हणलास.

मी दोघांची टक्कर लावली. भोंग्यावर बी मीच.

बघा हो बघा! इकडून पुण्याचा पांढरा मॅक! लग्नपत्रिका काढून काढून शांत झालेला गडी, व्हायरसची बाधा न्हाई, अंगावर डाग न्हाई! तिकडून गुलबर्ग्याचा काळा पीसी! डबा एकाचा, मेंदू दुसऱ्याचा, पंखा तिसऱ्याचा, सुरू झाला की पिठाच्या गिरणीवानी आवाज! सोडा! पहिली टक्कर, दिसण्यात: मॅक! दुसरी टक्कर, बिघडल्यावर: मॅकला पुण्याला न्यावं लागतंय, पीसीला गुलबर्ग्यात प्रत्येक गल्लीत वैद्य! तिसरी टक्कर, गेम: अरारारा, मॅकच्या माऊसला एकच बटण! त्या एका बटणात नेम धरायचा का गोळी झाडायची? मॅकनं तोंड फिरवलं हो, मॅक पळाला!

तर पीसी आण. आन् त्यात चांगलं ग्राफिक कार्ड टाक, काही बी कर पण टाक. गुलबर्ग्यात कॉलेज सुटलं की स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत आम्ही पाच-पाच जणं ती गोळ्यांची गेम खेळतो, तिथली मशीन ऐन वेळेला अडकते आन् नौबादचा बालाजी मला मारून जातो. माझा रूममेटच हाय, पण गेममध्ये पक्का हरामी. स्वतःची मशीन असली की त्याला दाखवतो.

रूपा मागून बघायलीय. म्हणतीय, "दोघं भाऊ टकरा लावायलाव, बहिणीच्या टायपिंगच्या परीक्षेचं कोण बघतंय?" तिला म्हणलं, तुझी बी सोय होईल. म्हणाली, "व्हय, तुझं गोळ्या मारून झाल्यावर."

वाचून दाखवल्याबगर पत्र बंद करायचं न्हाई, हा आईचा नेम तुला ठाऊकच हाय. आता वाचतो. ग्राफिक कार्डाची ओळ तेवढी गाळणार. तिला वाटतंय कम्प्युटर अभ्यासाला पाहिजे.

तुझाच,
योगीराज


निंबर्गा
गुरुवार, ३ डिसेंबर २००९

अण्णा,

पाया पडतो. ह्या वेळेला पाय मागं घेतलास तरी चालतंय.

मॅक आण. पीसी नको.

मागल्या पत्रात मीच मॅकला पळवलं, हे खरं हाय. पण नंतर इचार केला. रोजच्या वापराला मॅकच बरा. शांत हाय. गाणी, फोटो, शेताच्या पहाणीचा उतारा, समदं होतंय. तूच म्हणलास, चार वर्षांत एकदा बी अडकला न्हाई. आन् त्याच्यावर ती गेम चालत न्हाई. हे लई बरं हाय. खरं सांगायचं तर तेवढंच बरं हाय.

घरी समदे... अप्पांचं तोंड अजून सुजलेलं हाय. पेज पितेत. बोलताना वारा निसटतो. वरचे समोरचे दोन दात गेले ते गेलेच. आळंदच्या डॉक्टरांनी गालाला आतून तीन टाके घातले. बरगडी मोडली न्हाई म्हणले, मुका मार हाय.

आईनं मंगळवारी तुला फोन लावला तवा मी चुलीपाशी बसलतो. तुला ठाऊक हाय ती फोन स्पीकरवर लावून पाटावर ठेवते, भोवती समदे बसतेत, देवाची पोथी ऐकल्यावानी. "जबऱ्यानं मारलं रे ह्यांना," म्हणून ती रडली. तू गरजलास. "अजून त्याला जिवंत कामून ठिवलाव? रविवारी खाटकाला बोलवा. द्या कापायला. येतील ते पैसे कम्प्युटरात घालतो." अप्पा म्हणले, "असू दे रे, मुकं जनावर हाय." तू म्हणलास, "मुकं? उद्या रूपाचं पोट फाडल्यावर बोलायला लागंल का ते?" मग कुणी काही बोललं न्हाई. मी बी न्हाई.

खाटीक रविवारी सकाळी येणार हाय.

तवापासून आई येता-जाता जबऱ्याला मारायलीय. खुंट्याशी बांधलेल्या जनावराला, काठीनं, तोंडावर. "माझ्या मालकाचे दात पाडलास? खा!" परवा त्याच्या डोळ्याखाली फुटलं, माश्या बसायल्यात. दोर तोडून तो आईला भिंतीत गाडू शकतोय, तू बघितलास त्याचं बळ. पण तो नुसतं डोकं खाली घालतो. काठी पडली की डोळे मिटतो, आई गेली की उघडतो. मी मीठ घेऊन गेलो तर माझा हात चाटला.

थांब. नीट सांगतो. पत्रात सुद्धा मी गेममधल्यावानी भिंतीआड लपत लपत चाललोय.

सोमवारी अप्पा नेहमीसारखे आठवड्याच्या भाकऱ्या घेऊन गुलबर्ग्याला आले. मी रूमवर नव्हतो, कॉलेजात बी नव्हतो. कुणीतरी सांगितलं, कॅफेत हाय. अप्पा तिथं आले. आयुष्यात पहिल्यांदा असल्या जागेत. बाहेर चप्पल काढून आत आले, अण्णा. देवळात आल्यावानी.

त्या टायमाला मी बालाजीच्या छातीवर बसलतो.

झालं असं. गेम शेवटाला आलती, आमच्यातला मी एकटा राहिलतो, त्यांच्यातला बालाजी. माझी मशीन अडकली. पडद्यावर मी खांबावानी उभा, आन् त्यानं मागून येऊन चाकूनं मारलं. गोळी घालता आली असती, पण चाकूनं. समदे हसले. बालाजी खुर्चीवर उभारून मला म्हणला, "ए मेंढक्या, जा कळप राख. हितं बंदूक हाय, काठी न्हाई. तुझ्या बापाला पाठव, त्यो तरी बें बें करीत पळंल."

गेममध्ये यापेक्षा वाईट शिव्या रोज देतो आम्ही. त्या दिवशी काय झालं ठाऊक न्हाई. मी कीबोर्ड उपटला, वायरीसगट, आन् आडवा त्याच्या तोंडावर हाणला. बटणं उडाली, खाली फरशीवर मक्याच्या दाण्यावानी पसरली. तो पडला. मी वर बसलो. त्यानं माझा मोबाईल भिंतीला आपटला, माझ्या मनगटाला चावला. मी त्याचं डोकं धरून टेबलाच्या पायावर आपटायलो. एकदा, दोनदा, मग मोजलं न्हाई. त्याच्या भुवईचं कातडं उघडून डोळ्यावर लोंबलं. मला बरं वाटायलतं. हे लिहायलाच पाहिजे. लई बरं वाटायलतं. त्या गेममध्ये कधीच असं बरं वाटलं न्हाई.

आता बघ. कुणी दुसरा बाप असता तर ओरडला असता, खांदा धरला असता, मधी पडला असता. आपले अप्पा चाळीस वर्षं मेंढरांत राहिलेले. दोन टगर एकमेकांत अडकले की मधी जायचं नसतं, तोंडापुढं उभारायचं नसतं, मागून जाऊन पायाला धरून ओढायचं. तुला बी तेच शिकवलं, मला बी. अप्पांनी तेच केलं. न बोलता मागून आले, वाकले, माझा उजवा पाय घोट्यापाशी दोन्ही हातांनी धरला आन् ओढला.

मी न बघता मागं लाथ मारली. बुटाची. टाच कशावर तरी बसली आन् कडकन आवाज आला.

हितपर्यंत चूक म्हणता येतंय. हितपर्यंत मी तुला फोनवर बी सांगितलं असतं.

मग मी वळून बघितलं. अप्पा फरशीवर बसलते. पटका सुटून गळ्यात आलता. तोंडातून रगत हनुवटीवरून सदऱ्यावर. एक हात वर, थांब म्हणल्यावानी. मी ओळखलं. अण्णा, मी त्यांना ओळखलं. डोक्यात एवढंच आलं, हे हितं कामून आले, ह्या समद्यांच्या पुढं, हा पटका घालून, अनवाणी. आन् दुसरी लाथ मारली. बरगडीत.

पहिली न बघता. दुसरी बघून.

कॅफेत पंखे तेवढे फिरायलते. बालाजीच उठला पहिला, रुमालानं डोळा दाबत. म्हणला, "योग्या, अबे, अप्पा हाईत ते." जसं काय मला ठाऊक न्हाई.

बसस्टँडच्या नळावर मी अप्पांचं तोंड धुतलं. एक दात त्यांच्या मुठीत होता, दुसरा सापडला न्हाई. टकरीत टगराचे गट दातावर पाडतेत, ते तुला माहीत हाय. अप्पा दाताकडं बघत म्हणले, "आठ दातीतून उतरलो रे. आता सहा दातीच्या गटात सोडा मला." म्हणून हसायला गेले तर रगत आलं. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. तुझ्यावानीच.

बस आळंदला लागली. मग म्हणले, "अंधारात आधी गोठ्यात शिरू, मग घरात जबऱ्यानं मारलं म्हणू. त्याला कोण काय म्हणतंय? त्याचं कामच हाय ते."

त्यांना काय ठाऊक आई तुला फोन लावंल, आन् तू खाटीक बोलवशील. आता ते अडकलेत. खरं बोलावं तर लेक जातोय, गप्प राहावं तर जबऱ्या. दोन दिवस झाले, जबऱ्यापाशी जाऊन बसतेत, त्याच्या शिंगाला तेल लावतेत. आई म्हणतीय, "ज्यानं मारलं त्यालाच तेल?" अप्पा म्हणतेत, "रविवारपर्यंत."

म्हणून मॅक आण म्हणलं. ज्याच्यावर ती गेम चालत न्हाई. पण हे आता लिहून झाल्यावर वाचलं आन् मलाच हसू आलं. तेव्हा बी मी हेच केलं, मशीन अडकली म्हणून हरलो म्हणलं. मशीनला पाय नसतेत अण्णा. ना पांढऱ्याला, ना काळ्याला.

तर आता खरं उत्तर. पीसीच आण, रूपासाठी. तिची टायपिंगची परीक्षा पीसीवर असते, मॅकवर न्हाई. हे मी आज तिला विचारलं. त्यात ग्राफिक कार्ड टाकू नको. आन् जबऱ्याचे पैसे त्यात घालू नको, कारण ते येणार न्हाईत.

हावगेप्पाची ट्रॅव्हल्स संध्याकाळी पुण्याला निघते, त्याच्या हाती पत्र देतो. उद्या सकाळी तुला मिळंल, तू फोन करशील, रविवारच्या आत जबऱ्या सुटंल. असं करता आलं असतं. म्हणजे खरं तू सांगायचं, मी परत चुलीपाशी गप्प.

पण घरचा नेम हाय. वाचून दाखवल्याबगर पत्र बंद करायचं न्हाई. आई आत्ताच हाक मारून गेली, "झालं का रे लिहून? वाच, काय लिहिलास अण्णाला." अप्पा ओट्यावर बसलेत. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

आज एक बी ओळ गाळणार न्हाई.

*

वाचलं.

अक्षर वाकडं दिसंल, डाव्या हातानं लिहायलोय. उजव्याची दोन बोटं सुजल्यात.

"दुसरी बघून" म्हणल्यावर आई उठली. तीच काठी घेतली, जबऱ्याची. मी डोकं खाली घातलं. तिनं कुठं मारलं, किती मारलं, सांगत न्हाई, तू आलास की दिसंल. रूपा ओरडायलती, "अप्पा, धरा की तिला!" अप्पा ओट्यावरून उठले, दोन पावलं आले आन् थांबले. हात पुढं केला, मागं घेतला. आता ते कुणाचाच पाय धरणार न्हाईत, अण्णा. हे माझ्यामुळं.

काठी मोडली तवा आई थांबली. मग गोठ्यात गेली. जबऱ्याच्या डोळ्याखालचं पाण्यानं धुतलं, हळद लावली. धुताना त्याच्याशी काहीतरी बोलायलती, ऐकू आलं न्हाई. परत येऊन मला एवढंच म्हणली, "अण्णाला लिही, खाटकाला नको म्हण. आन् ह्याचं काय करायचं ते तू येऊन ठरव म्हण."

लिहिलं.

फोन करू नको. ये. आईची काठी झाली, तुझी बाकी हाय.

वाट बघणारा,
योगी