कागदाबाहेरचं बोलणं

बाबा, तुम्ही आयुष्यात एकही करार वाचला नाहीत, आणि त्याचा तुम्हाला केवढा अभिमान होता. आपली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा बिल्डर तुमचा मित्रच निघाला. तो कागदांचं बाड घेऊन स्वयंपाकघरात बसलाय, आई पोहे वाढतेय, आणि लॉच्या पहिल्या वर्षाला असलेली मी पहिलं पान उलटतेय. तुम्ही माझ्या हातून कागद ओढून घेता. "त्याच्यासमोर वाचतेस? काय वाटेल त्याला?" आईच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याचा फ्लॅट द्यायचं त्याने तोंडी कबूल केलं होतं, तेवढं तुम्हाला पुरलं. शेवटच्या पानांत कुठेतरी छापलं होतं की या कागदाबाहेर कोणी काही बोललं असेल, तर ते धरायचं नाही. इंग्रजांच्या कायद्यातून जसंच्या तसं उचललेलं कलम. ते तुमच्यासारख्यांसाठीच असतं. आईला चौथा मजला मिळाला. लिफ्ट बंद पडली की ती दिवसचे दिवस खाली उतरायची नाही, आणि तुम्ही म्हणायचात, "माणूस वाईट नाही गं तो." मूर्खपणाला मनाचा मोठेपणा म्हणायची तुमची ही सवय मला तेव्हाही किळसवाणी वाटायची.

आता सिडनीत मी तेच कलम लिहिते. कोविडमध्ये ऑफिस बंद होतं, केलीव्हिलच्या घरात डायनिंग टेबलावरच माझी वकिली चालायची. हॅरिस पार्कमधल्या एका दुकानाचा मालक माझा अशील, मराठीच. त्याची भाडेकरू तिथे फराळाचे पदार्थ विकायची. तिचा नवरा आजारी आईला भेटायला पुण्याला गेला आणि सीमा बंद झाल्यावर तिथेच अडकला. तिला वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळत होती, पण लीज सुटल्याशिवाय ती घेता येत नव्हती. मालक सोडायला तयार नव्हता. तिने मला फोन केला.

"ताई, ते म्हणाले होते हो, अडचण आली तर चावी आणून दे, नो वरीज. गणपतीत, सगळ्यांसमोर."

"लीजमध्ये आहे का तसं?"

"लीज कोण वाचतं? त्यांच्या घरी चहा घेताना सही केली. वाचत बसले असते तर बरं दिसलं असतं का?"

तुमचाच वंश, बाबा, समुद्र ओलांडून आलेला. मी तिला सांगितलं की मी मालकाची वकील आहे, तुम्ही तुमचा वकील घ्या. खरं तर चांगल्या वकिलाने लीजमधल्या त्या कलमाशी झुंज दिली असती. सगळ्यांसमोर दिलेला शब्द अगदीच वाया जातो असं नाही.

"वकील कशाला? तुम्ही आपल्यातल्याच ना!"

मग मी तिला ते कलम वाचून दाखवलं, सावकाश, मराठीत समजावून. तिने नोकरीला नकार कळवला आणि रिकाम्या रस्त्यावरचं ते दुकान लीज संपेपर्यंत एकटीने ओढलं. माझा अशील खूश झाला. तोही तुमच्या मित्रासारखाच, माणूस वाईट नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. ती फोनवर रडायला लागली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. मी तुम्हालाच ते कलम वाचून दाखवतेय आणि तुम्हाला ते शेवटपर्यंत ऐकावं लागतंय, असं वाटलं.