वर्गमूळ सापडेना

मंगळवार, १२ जानेवारी १९९९. बारामती

भौतिकशास्त्राची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, वापरणारा माझा लंबकाचा प्रोग्राम लिनक्सवर दोन दिवस कंपाइल होईना. वर्गमुळाचं फंक्शन सापडत नाही म्हणे! साधं वर्गमूळ! उद्याच्या प्रॅक्टिकलला हे चाललं नाही, तर प्रयोगशाळेतला हा संगणक टायपिंगसाठी ऑफिसात जाणार.

संध्याकाळी शिपाई तात्या कुलूप घेऊन आले. "मॅडम, अजून जमलं न्हाय व्हय?"

"जमेल. दहा मिनिटं थांबा."

कमांड पुन्हा वाचली. वर्गमूळ गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असतं आणि मी ती जोडलीच नव्हती. मुलांना हेच शिकवते, मग मलाच कसं दिसलं नाही? शेवटी जोडली आणि झालं! पडद्यावर भराभर आकडे आले.

तात्या वाकून बघत म्हणाले, "ह्ये काय?"

"लंबक हलतोय."

"कुठं?"

खरंच की. उद्या मुलंही हेच विचारतील. सकाळी लवकर जाऊन आलेख काढते.